रात्रपाळीच्या पिढीची साखर

प्रतिनिधी, मुंबई

आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ झालेले असतात. हिवाळ्यात तेथील घड्याळे एक तास मागे सरकली, की हेच गणित साडेसातवर जाते. या एका तासाचा हिशेब मालाड, ऐरोली, हिंजवडी किंवा खराडी येथील कार्यालयांत काम करणाऱ्या तरुणांना तोंडपाठ असतो, कारण त्यांचे जेवण, घरी पोहोचणे आणि अंथरुणाला पाठ टेकणे या साऱ्यांचे वेळापत्रक त्यावरच ठरते. रात्री दोन वाजता कार्यालयाबाहेरच्या टपरीवर कटिंग चहा आणि बिस्किटे, पहाटे चारला पोह्यांची गाडी आणि सकाळी आठला जाड पडदे ओढून झोपण्याची धडपड, हा आता लाखो घरांचा दिनक्रम झाला आहे. त्याची चर्चा होते ती पगार, सुरक्षितता आणि फार तर कौटुंबिक ताणाच्या अंगाने. याच वयोगटात मधुमेहाचे निदान होणाऱ्यांची संख्या वाढत असताना, त्यांच्या रक्तातील साखरेचा आणि हरवलेल्या झोपेचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न मात्र दवाखान्यातही क्वचितच विचारला जातो.

मधुमेह म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात: ताट आणि चालणे. भात कमी करा, गोड सोडा, रोज पाऊण तास चाला. हा सल्ला चुकीचा आहे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु ज्याचा रुग्ण पंचविशीचा आहे आणि रात्रभर जागतो, त्या डॉक्टरने 'झोपता किती आणि केव्हा?' हे न विचारता औषधाची मात्रा वाढवत नेणे, म्हणजे गळक्या टाकीत पाण्याचा जोर वाढवण्यासारखे आहे. अमेरिकन आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी २०२२ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात झोपेला आहार व व्यायामाच्या पंक्तीत बसवले. तोपर्यंत झोप हा विषय वैद्यकाच्या दृष्टीने साधारणतः 'इतर सवयी' या सदरात मोडत होता. आपल्याकडे तो अजूनही तेथेच आहे.

दहा कोटींच्या पलीकडे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या 'इंडिएब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील १ लाख १३ हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीवर ते आधारलेले होते. देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असा तो अंदाज होता. टक्केवारीत सांगायचे तर अनुक्रमे ११.४ आणि १५.३. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक. हा आकडा वाचून गोव्यातील खाण्यापिण्यावर विनोद करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की उंबरठ्यावरची संख्या मूळ रोग्यांच्या संख्येपेक्षा मोठी आहे आणि ती देशभर पसरलेली आहे.

या उंबरठ्यावर भारतीय माणूस युरोपीय माणसापेक्षा लवकर का पोहोचतो, याचे एक उत्तर पुण्यातच शोधले गेले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की आपली बाळे जन्मतः वजनाने लहान असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, म्हणजे निर्देशांक २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला मराठी तरुण आतून तसा असेलच असे नाही, हा त्या छायाचित्राचा अर्थ. अशा शरीरात इन्सुलिनची राखीव ताकद आधीच बेताची असते. त्यावर अपुऱ्या झोपेचा भार पडला, की तोल जाण्यास फार काही लागत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. तरुण मधुमेही म्हणजे एकच जात नव्हे. टाइप-१ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यांना बाहेरून इन्सुलिन घेण्यावाचून गत्यंतर नसते आणि त्यात त्यांच्या सवयींचा काही दोष नसतो. टाइप-२ मध्ये इन्सुलिन असते, पण पेशी त्याला जुमानत नाहीत आणि हळूहळू ते कमीही पडू लागते. झोपेचा फटका दोघांनाही बसतो; मात्र त्याची वाट वेगळी आहे.

सहा रात्रींचा प्रयोग

झोप आणि साखरेच्या नात्याचा आधुनिक शोध १९९९ साली शिकागो विद्यापीठातील एका प्रयोगापासून मोजला जातो. ईव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत ठेवले. सलग सहा रात्री त्यांना केवळ चार-चार तास झोपू दिले आणि त्यानंतर सात रात्री बारा तास अंथरुणात राहण्याची मुभा दिली. दोन्ही काळांत त्यांच्या रक्तात ग्लुकोज सोडून ते किती वेगाने नाहीसे होते, हे मोजले. झोप तुटलेल्या काळात हा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. हे सारे ठणठणीत तरुण होते. सहा रात्रींत त्यांच्या शरीराने साखर हाताळण्याची रीत वयाने बऱ्याच पुढे असलेल्या माणसासारखी केली.

त्याच विद्यापीठात २००८ साली झालेला दुसरा प्रयोग अधिक सूक्ष्म होता. नऊ तरुण-तरुणींना पूर्ण वेळ झोपू दिले. पण ते गाढ झोपेत शिरू लागले, की हलका आवाज करून त्यांना उथळ झोपेत परत आणले जाई. त्यांना जाग येत नसे, झोपेचे एकूण तासही घटत नसत. तीन रात्रींनंतर इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची त्यांची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी खाली आली. घड्याळाकडे पाहून 'सात तास झोप झाली' असे म्हणणाऱ्याची झोप खरोखर झालेली असेलच असे नाही, हे यातून दिसले. मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या किंवा रात्रभर बांधकाम चालणाऱ्या रस्त्यावरच्या घरात राहणाऱ्यांना हा प्रयोग प्रयोगशाळेत जाऊन करण्याची गरज नाही.

शरीरात नेमके काय बिघडते? अनेक तार एकदम हलतात. झोप कमी झाली, की सायंकाळी उतरायला हवे असलेले कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढे राहते. ताणाच्या प्रसंगी कामाला लागणारी मज्जासंस्था सैल पडत नाही. रक्तात मेदाम्ले वाढतात आणि स्नायू इन्सुलिनचा निरोप धडपणे ऐकत नाहीत. २०१२ साली सात जणांच्या पोटाच्या चरबीचे नमुने घेऊन केलेल्या पाहणीत असे आढळले, की साडेचार तासांच्या चार रात्रींनंतर मेदपेशींचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे ३० टक्क्यांनी घटला होता. म्हणजे थकवा हा केवळ मेंदूचा अनुभव नाही. पोटाच्या घेरातली चरबीदेखील जागरणाने 'थकते'. शिवाय भूक वाढते, आणि ती वाढते ती भाकरी-भाजीची नव्हे. रात्री दोन वाजता कोणी काकडी मागवत नाही.

हे प्रयोग निरोगी लोकांवरचे झाले. मधुमेह आधीच असलेल्यांचे काय? नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी २०१० मध्ये टाइप-१ मधुमेहाच्या सात रुग्णांना एक रात्र साडेआठ तास आणि दुसऱ्या प्रसंगी केवळ चार तास झोपू दिले. एका रात्रीच्या तुटलेल्या झोपेनेच इन्सुलिनची परिणामकारकता घसरली. इन्सुलिनची तीच मात्रा, तेच जेवण, आणि तरीही दुसऱ्या दिवशी साखरेचा आकडा वेगळा. 'मी काहीच वावगे खाल्ले नव्हते' असे सांगणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहणाऱ्या आई-वडिलांनी आणि डॉक्टरांनीही हे ध्यानात ठेवायला हवे. ते पोर बहुधा खरे बोलत असते.

रात्रीचे भय

नात्याची दुसरी बाजू अशी, की बिघडलेली साखर झोपही बिघडवते. साखर चढली, की तहान लागते, लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागते. पण टाइप-१ च्या तरुणाला खरी भीती असते ती साखर खाली जाण्याची. या मंडळींच्या बोलीत त्याला नुसते 'हायपो' म्हणतात. साखर घसरली, की ॲड्रेनलिन उसळते, दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. जागा माणूस हे ओळखतो आणि तोंडात साखर टाकतो. झोपेत मात्र ॲड्रेनलिनचा हा इशाराच मंद असतो. १९९८ साली टाइप-१ असलेल्या किशोरांच्या अभ्यासात हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे. १३ ते ३९ वयोगटातील १,४४१ जणांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीने साखर काटेकोर राखल्यास डोळे आणि मूत्रपिंडे वाचतात, हे सिद्ध केले. त्याच चाचणीत हेही दिसले, की गंभीर हायपोंपैकी निम्म्याहून अधिक झोपेत घडत होते. रात्री निरोगी झोपलेला टाइप-१ चा तरुण सकाळी अंथरुणात मृत आढळल्याची बावीस उदाहरणे ब्रिटिश डॉक्टरांनी १९९१ साली एकत्र मांडली. असे मृत्यू विरळा आहेत, हे आवर्जून सांगायला हवे. तथापि ज्या घरात एक इन्सुलिनवरचे मूल आहे, तेथील आई रात्री तीनला उठून त्याच्या कपाळाला हात का लावते, हे समजायला त्या विरळ शक्यतेची आठवण पुरेशी आहे.

ही भीती बाळगणारा तरुण काय करतो? झोपण्यापूर्वी दोन घास जास्त खातो आणि इन्सुलिन दोन युनिट कमी घेतो. साखर मुद्दामच चढी ठेवून झोपतो. आकडे पाहणाऱ्या डॉक्टरला तो 'बेशिस्त' वाटतो. तो मात्र आपल्या परीने जिवाची काळजी घेत असतो. दंडावर चिकटवायचे, सतत साखर मोजणारे सेन्सर आले आणि हे भय बरेच हलके झाले. पण दर चौदा दिवसांनी बदलावा लागणारा सेन्सर स्वतःच्या खिशातून घेणे मध्यमवर्गीय घरालाही जड जाते. शिवाय त्याचा गजर रात्री वाजतो, तो कधी खऱ्या धोक्याने, तर कधी कुशीवर झोपल्यामुळे सेन्सर दबून. खोलीत भागीदारीने राहणाऱ्या चार मुलांत एकाच्या दंडाचा गजर पहाटे वाजू लागला, की तो बंद कसा करायचा, हेच तो आधी शिकतो.

पूर्वी मी ज्या दैनिकात होतो, तेथे रात्रपाळीच्या टेबलावर सत्तावीस वर्षांचा एक उपसंपादक होता. डाक आवृत्तीची पाने गेली, की शहर आवृत्तीसाठी दीड-दोनपर्यंत बसावे लागे. एका रात्री पहिल्या पानाच्या एकाच शीर्षकात त्याने तीनदा तीच चूक केली. आम्ही थट्टा केली. त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि वातानुकूलन यंत्र मात्र जोरात चालू होते. त्याने खिशातून एक पुडी काढली, पाण्यात न मिसळता तोंडात रिकामी केली आणि दहा मिनिटे डोळे मिटून बसला. दोन वर्षे शेजारी बसून त्याला वयाच्या चौदाव्या वर्षापासून इन्सुलिन लागते, हे आम्हा कोणालाही ठाऊक नव्हते.

घड्याळ उलटे फिरते तेव्हा

रात्रपाळीचा प्रश्न केवळ झोपेच्या तासांचा असता, तर दिवसा आठ तास झोपून तो सुटला असता. तसे होत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. स्वादुपिंडाचे घड्याळ सकाळी इन्सुलिन उदारपणे सोडते आणि रात्री हात आखडते. अंधार पडल्यावर वाढणारे मेलाटोनिन त्याला आणखीच संयम शिकवते. २००९ साली हार्वर्डमधील फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी दहा जणांना २८ तासांच्या कृत्रिम 'दिवसा'वर ठेवून त्यांचे जेवण-झोपेचे वेळापत्रक आतल्या घड्याळाच्या विरुद्ध नेले. इन्सुलिन २२ टक्क्यांनी जास्त खर्च होऊनही साखर ६ टक्क्यांनी चढली. मोजमाप झालेल्या आठ निरोगी लोकांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी झाली. २०१२ मध्ये असाच प्रयोग तीन आठवडे चालला आणि त्यात झोपही साडेपाच तासांच्या आसपास ठेवली गेली. तेव्हा जेवणानंतर स्वादुपिंडाकडून येणारे इन्सुलिनच अपुरे पडले.

रात्री काम करणे टळणारे नसेल तर काय, याचे एक उपयोगी उत्तर २०२१ मध्ये पुढे आले. १९ तरुणांना कृत्रिम रात्रपाळीवर ठेवून त्यांपैकी काहींना रात्री जेवायला दिले, तर काहींना फक्त दिवसाच. रात्री जेवणाऱ्यांची साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. झोपेचे वेळापत्रक दोघांचे सारखेच उलटे होते. प्रयोग छोटा आहे, प्रयोगशाळेतला आहे, आणि इन्सुलिनवर असलेल्याने तो परस्पर स्वतःवर करू नये. तरीही कंपन्यांच्या उपाहारगृहांत मध्यरात्री फुकट मिळणाऱ्या बिर्याणीचा कल्याणकारी उपक्रम म्हणून गौरव करण्यापूर्वी तो वाचायला हरकत नाही.

येथे फक्त संगणकापुढे बसणाऱ्यांचा विचार करून चालणार नाही. रुग्णालयातील परिचारिका, बंदोबस्तावरचे पोलीस, एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसलेला सुरक्षारक्षक, मध्यरात्रीनंतर दुचाकीवरून जेवण पोहोचवणारे तरुण, हे सारे त्याच रात्रीचे रहिवासी आहेत. सलग छत्तीस तास ड्युटी करून मधुमेहींना 'वेळेवर झोपा' असे सांगणारे निवासी डॉक्टरही त्यांत आले. आणि दिवसपाळीवाल्यांनी स्वतःला सुरक्षित समजण्याचे कारण नाही. कर्जत, कसारा किंवा विरारहून येणारा माणूस घरी पोहोचून जेवायला बसतो तेव्हा दहा वाजलेले असतात आणि अकराला तो आडवा होतो. स्पेनमध्ये ८४५ प्रौढांवर झालेल्या २०२२ च्या अभ्यासात, झोपण्याच्या वेळेच्या अगदी तोंडावर साखर प्यायला दिलेल्यांमध्ये इन्सुलिन कमी सुटते आणि साखर जास्त चढते, असे स्पष्ट दिसले. त्यातून विशीतील शरीराचा कल मुळातच उशिरा झोपण्याकडे असतो. सकाळी सातच्या व्याख्यानाला पेंगणारा विद्यार्थी केवळ मोबाइलमुळे पेंगतो, असे मानणे अर्धसत्य आहे.

तपासणीचा आकडा कोणाचा?

या साऱ्याचा रोजच्या उपचाराशी कसा संबंध येतो, ते पाहू. 'सकाळी उपाशीपोटी' रक्त द्यायला सांगितले जाते. रात्रभर काम करून, चारला पोहे खाऊन, आठला प्रयोगशाळेत शिरणाऱ्या तरुणासाठी 'उपाशीपोटी' याचा अर्थ काय? त्याचे चार तासांपूर्वीच खाणे झाले आहे आणि शरीर रात्रभर ताणाखाली आहे. तो आकडा दिवसपाळीच्या माणसाच्या आकड्याशी ताडून पाहणे गैर आहे. शिवाय पहाटे सर्वांच्याच शरीरात काही संप्रेरके वाढतात व यकृत साखर सोडू लागते. मधुमेहीमध्ये ती आवरली जात नाही आणि सकाळचा आकडा चढा दिसतो. तो पहाटेच्या या लाटेमुळे, की रात्री औषध कमी पडल्यामुळे, हे पहाटे तीनची साखर पाहिल्याशिवाय कळत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी या गोंधळातून पुष्कळशी सुटते. पण तीही रात्रीचा खड्डा आणि दुपारचा डोंगर एकत्र करून सपाट मैदान दाखवू शकते.

अधिक गंभीर मुद्दा औषधाच्या वेळेचा. आपल्याकडे अद्याप मोठ्या प्रमाणावर मिश्र इन्सुलिन वापरले जाते. त्यातील मध्यम पल्ल्याचा भाग टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांनी जोरात असतो. 'न्याहारीआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी' ही सूचना दुपारी जेवणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहे. रात्रपाळीचा तरुण सकाळी आठला इन्सुलिन टोचून, थोडे खाऊन झोपला, तर त्याचा जोर दुपारी बारा ते सहा या वेळेत येतो, आणि तेव्हा तो गाढ झोपेत असतो, घरात बहुधा कोणी नसते व दुपारचे जेवण झालेले नसते. ग्लिमेपिराइडसारखी स्वस्त आणि सर्रास लिहून दिली जाणारी गोळी न्याहारीबरोबर घेऊन झोपणाऱ्यालाही हाच धोका आहे. यावर उपाय आहेत: दिवसभर सपाट चालणारी इन्सुलिने, साखर फार खाली न नेणाऱ्या गोळ्या, पाळीनुसार बदललेल्या वेळा. मात्र त्यासाठी पाळी कोणती, हे डॉक्टरला ठाऊक असावे लागते, आणि पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर ते लिहून द्यावे लागते. तीन मिनिटांच्या बाह्यरुग्ण तपासणीत ते होत नाही.

आता झोप सुधारली, की मधुमेह आटोक्यात येतो, असे म्हणण्याचा मोह आवरायला हवा. टाइप-१ च्या रुग्णांवरील अभ्यासांचा २०१६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सहा तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्या प्रौढांची एचबीएवनसी कमी झोपणाऱ्यांपेक्षा सरासरी पाव टक्क्याच्या आसपास कमी आढळली. मेटफॉर्मिनसारखी गोळी टाइप-२ मध्ये साधारण एक टक्क्याने ती खाली आणते. म्हणजे झोप ही औषधाची जागा घेणारी वस्तू नव्हे. झोप जाणूनबुजून वाढवून साखर सुधारते का, याच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. साखर वाईट म्हणून झोप वाईट, की झोप वाईट म्हणून साखर, हा गुंता पाहणीतून सुटतही नाही. आठवडाभराचे जागरण रविवारी भरून निघते, या लाडक्या समजुतीचेही तसेच. २०१६ च्या एका प्रयोगात दोन रात्रींच्या भरपूर झोपेने इन्सुलिनची परिणामकारकता परत आली. २०१९ मध्ये कोलोराडो विद्यापीठात तोच खेळ पुढच्या आठवड्यातही चालू ठेवला, तेव्हा भरपाई टिकली नाही. आपले आयुष्य या दुसऱ्या प्रयोगासारखे असते.

एका बाबतीत मात्र तपासणीला टाळाटाळ नको. घोरणारा, झोपेत श्वास अडखळणारा, दिवसा पेंगणारा तरुण जाड असो वा नसो, त्याला 'स्लीप ॲप्निया' आहे का हे पाहिले पाहिजे. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा समज नेमका उलटा आहे.

चाळिशीपर्यंत थांबा

वैद्यकाकडून आता धोरणाकडे. महाराष्ट्राने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याचे सातही दिवस व्यवसाय खुले ठेवण्याची वाट मोकळी केली. रात्रीच्या अर्थव्यवस्थेचे स्वागत सर्वपक्षीय आहे आणि त्यातून रोजगार मिळतो, हेही खरे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत स्त्रियांना संमतीने रात्रपाळी करता येईल, अशी तरतूद आहे आणि कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचे आश्वासनही आहे. मात्र ते आहे चाळीस वर्षांवरील कामगारांसाठी. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होते. म्हणजे ज्या वयात रात्रपाळी सर्वाधिक केली जाते, त्या बावीस ते तीस या वयाची जबाबदारी दोन्ही यंत्रणांपैकी एकीवरही नाही. पाहणीचे निष्कर्ष वीस वर्षांपासूनच्या लोकांचे, कायदा चाळिशीचा. रात्रपाळीवर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी, वय न पाहता, साखर तपासणे हा फार खर्चाचा उपाय नाही. बोटाला टोचून होणारी चाचणी एका जेवणाच्या कूपनापेक्षा महाग पडत नाही.

पण तपासणी सक्तीची केली आणि तिचा अहवाल मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर ठेवला, तर घात होईल. मधुमेह आहे म्हणून नोकरीच नाकारली जाण्याची, बढती अडण्याची भीती तरुणांना वाटते आणि ती निराधार म्हणता येत नाही. लग्नाच्या बाजारात तर ती उघड आहे. मुलींच्या बाबतीत दुप्पट. म्हणून अहवाल कामगाराच्या हाती राहील, वैद्यकीय अधिकारी केवळ 'पाळी बदलावी' किंवा 'बदलण्याची गरज नाही' एवढेच कळवील आणि पाळी बदलल्याने रात्रभत्त्याखेरीज दुसरे काही कापले जाणार नाही, अशी व्यवस्था हवी. रात्रपाळी दर आठवड्याला फिरवण्याऐवजी निदान काही आठवडे स्थिर ठेवणे, मध्यरात्रीच्या ताटात गोड व तळलेल्याऐवजी हलके काही ठेवणे, इन्सुलिन टोचण्यासाठी प्रसाधनगृहाखेरीज एखादी स्वच्छ जागा देणे, पहाटे घरी सोडणाऱ्या गाडीची सोय इन्सुलिनवरच्या तरुणाला विनाचौकशी देणे, हे सारे कायदा नसतानाही करता येते. साखर खाली गेलेल्या अवस्थेत पहाटे पाचला द्रुतगती मार्गावर दुचाकी चालवणे हा केवळ त्या तरुणाचा खासगी धोका राहत नाही.

रात्रपाळीच्या टेबलावरच्या त्या सहकाऱ्याने पुढे सायंपाळी मागितली. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊ केली होती. ती त्याने जोडली नाही. कार्यालयाच्या छापील अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. त्याने तेथे लिहिले, 'घरगुती अडचण'. अर्ज मंजूर व्हायला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत त्याच्या खणात, शब्दकोशाच्या मागे, ग्लुकोजचा डबा असतो एवढेच आम्हा तिघांना माहीत होते.